डावखुऱ्याची ठासणीची बंदूक

९ सप्टेंबर
ही वही एप्रिलमध्ये आणली. रोज लिहायचं ठरलं होतं. मग वाटलं, एक तारखेपासून बरं. मेच्या एक तारखेला पेन नव्हतं. जूनमध्ये पेन मिळालं तर वही सापडेना. ती डगमगत्या पलंगाच्या पायाखाली मीच सरकवली होती. आज काढली. पलंग पुन्हा डगमगतोय, पण त्याला इलाज नाही. लिहिण्यासारखं काहीतरी घडलंय.

परवा लेबर डेच्या सुट्टीला मामाच्या अंगणात कॅम्पवरची मंडळी जेवायला होती. कॅम्प म्हणजे डोंगरातलं आमचं शिकारीचं खोपट. तिथला नियम जुना आहे. नाताळनंतर गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार सुरू होते, तेव्हा बीच जातीच्या मोठ्या झाडाखालची जागा त्याची, ज्याने आपली बंदूक आपल्या हाताने बनवली. मला कळतंय तेव्हापासून तिथे नॉर्मनमामा बसतो. परवा मक्याचं कणीस खाली ठेवून म्हणाला, नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा आता धुरकट दिसतो, जागा कोणाला तरी द्यायची वेळ आली. कोणी बंदूक बनवणार असेल तर सांगा.

माझ्या तोंडून निघून गेलं, मी बनवतो.

कॅम्पवरचा म्हातारा बोयर इतका हसला की त्याच्या ताटातलं बटाट्याचं सॅलड कुत्र्याला मिळालं. म्हणे, "हा? हा सँडविचसुद्धा अर्धं करून उठतो. ती होडी कुठाय रे? आणि मधमाश्या?" (मधमाश्या आपणहून गेल्या. त्यात माझा दोष नाही.) मामा शांतपणे म्हणाला, "लायल या वेळी पुरं करेल. मी सांगतो ना."

मामाने चारचौघांत माझ्यासाठी शब्द दिला. असं याआधी कोणी केलेलं नाही.

भरात येऊन मी मग मंडळींना बराच वेळ समजावलं की बंदूक कोटासारखी अंगावर बेतावी लागते. मी डावखुरा. डावखुऱ्याने उजव्या हाताची बंदूक वापरणं म्हणजे दुसऱ्याची कवळी लावून मका खाणं. हे ऐकताना बोयरने आपली कवळी नीट बसवली. पटलं असावं.

१० सप्टेंबर, सकाळ
मामाने न्याहारीच्या ताटाशेजारी बंदुकीच्या किटचा कॅटलॉग ठेवला. नळी, चाप, ठिणगी पाडणारं लॉक आणि अर्धवट कोरलेला दस्ता पेटीतून येतो, पुढचं कोरणं, घासणं, बसवणं आपलं. एका पानावर पेन्सिलीची खूण होती. साधं डोंगरी किट. लोखंडी सामान, नक्षी नाही, पितळ नाही. लॉक डाव्या हाताचं, म्हणजे गारगोटीची ठिणगी माझ्या डोळ्यापासून पलीकडे उडेल. खाली छापलंय, शिल्लक आहे.

मामा म्हणाला, पहिला पॅनकेक तव्याला चिकटतोच, साधं घे. मी मान हलवली. मनात म्हटलं, साधं कोणीही बनवेल. (मी अजून साधंही बनवलेलं नाही, पण तो मुद्दा वेगळा.)

आर्लीनमामीने शिवणाच्या टेपने माझा हात मोजला. दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवलं की बोट चापावर पोचलं पाहिजे, तेवढी बंदुकीची लांबी. मामी म्हणाली, "बगळ्याची मान आहेत नुसते हात. तुझ्या स्वेटरला मला लोकरीचा एक गुंडा नेहमी जास्त लागतो."

१४ सप्टेंबर
निवड जवळजवळ झाली. वाघासारख्या पट्ट्यांचं मेपलचं लाकूड, दस्त्यात पितळी झाकणाची डबी, दस्त्यावर गाल टेकतो त्याखाली कोरलेली वेल. किंवा वेल नको, चांदीचा तारा. किंवा दोन्ही.

कंपनीला फोन केला. माणूस विचारी निघाला. म्हणाला, आधी काही बनवलंय का? म्हटलं, होडी. म्हणाला, पूर्ण? म्हटलं, तुमचा आवाज तुटतोय.

रविवारी नक्की मागवणार.

२६ सप्टेंबर
गेल्या शनिवारी एक मेपलचं लाकूड बघायला वेस्ट व्हर्जिनियाला गेलो. संध्याकाळी परतायचं होतं. आज परतलो. वाटेत सफरचंदाचा रस गाळणारी मंडळी भेटली, त्यांना माणूस हवा होता, आणि नाही म्हणायला मला जमत नाही. हा माझा गुण आहे. तिथल्या एका म्हाताऱ्याकडून बॅन्जोच्या दोन नव्या धुनाही शिकलो.

लाकूडही पाहिलं. उत्तम. अजून उभं आहे, पानांसकट.

चिप्सच्या कारखान्यातली माझी पाळी दुसऱ्याला दिली गेली. मुकादम म्हणाला, तू परत येशील असं वाटलंच नाही. मला शनिवारी-रविवारी ठेवलंय. चांगलंच झालं, बंदुकीला वेळ मिळेल.

३ ऑक्टोबर
न्याहारीला मामाने विचारलं, किट मागवलंस? मी हो म्हटलं. हे खोटं नव्हतं. संध्याकाळी मागवणारच होतो, माझा हो जरा लवकर निघाला इतकंच.

संध्याकाळी फोन केला. डाव्या हाताचं साधं किट संपलं. वाघपट्ट्यांचंही डाव्या हाताचं नाही. आता मे महिन्यात. उजव्या हाताचं हवं ते आहे. मी त्या माणसाला कवळीचा दाखला दिला. तो म्हणाला, मग मे.

मामाला उद्या सांगतो.

४ ऑक्टोबर
सांगणारच होतो. पण मामा मला तळघरात घेऊन गेला. स्वतःचं कामाचं टेबल रिकामं केलेलं. वर नवा बल्ब. सगळ्या पटाश्यांना धार लावून जुन्या टॉवेलवर ओळीने मांडलेल्या. म्हणाला, पेटी आली की इथेच उघडू. मला कोरताना दिसणार नाही, पण स्टुलावर बसेन.

आता असल्या वेळी मे महिन्याची गोष्ट काढतं का कोणी? मी म्हटलं, पेटी डेलकडे येणार आहे. मामा म्हणाला, डेल कोण? म्हटलं, कारखान्यातला मित्र. गॅरेज आहे. लाकूड आवळून धरायला मोठा शिकंजा आहे.

मामा बरं म्हणाला आणि बल्ब बंद केला.

त्या बल्बचं दिवसभर वाईट वाटत राहिलं. मग म्हटलं, वीज तरी वाचली.

१९ ऑक्टोबर
मामीने डेलसाठी काकवीचा केक दिला. म्हणाली, परक्याच्या घरी रोज जातोस, रिकाम्या हाताने जाऊ नये. मी ओढ्याकाठी गाडी लावून खाल्ला. अर्धा. बाकीचा परतीच्या वाटेवर.

ठराव: उद्यापासून डेलकडे जाणं बंद.

७ नोव्हेंबर
चौथा केक.

मामी चौकशी फार करते. डेलला आता लांब चेहरा आहे, थोडा दमा आहे आणि ओहायोत एक बहीण आहे. तिच्याशी त्याचं पटत नाही, पण तो पैसे पाठवतो. माणूस म्हणून मला तो आवडायला लागलाय. बंदुकीपेक्षा डेल जास्त पुरा झालाय.

आज मामीने विचारलं, त्याचा हात केवढा आहे, हातमोजे विणते. मी म्हटलं, माझ्याएवढा. मामीने उसासा टाकला आणि लोकरीचा आणखी एक गुंडा काढला.

थँक्सगिव्हिंग
जेवताना सगळ्यांसमोर बंदुकीची हकीकत विचारली गेली. मी कॅटलॉग पाठ केलाय, त्यामुळे अडचण आली नाही. नळी दस्त्यात उतरवली म्हटलं. मामा म्हणाला, काजळी लावून लाकूड कुठे टेकतंय ते बघितलंस ना? मी म्हटलं, मी काजळी वापरत नाही, मला हाताला कळतं.

मामाने सुरी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मग त्याने माझ्या ताटात टर्कीचा आणखी एक तुकडा वाढला.

कौतुक वाटलं असावं.

१० डिसेंबर
मोठा निर्णय. माणसाने तत्त्वाला चिकटून बसू नये. उजव्या हाताचं किट घ्यायचं, रात्रंदिवस काम करायचं, नाताळपर्यंत संपवायचं. कंपनीला फोन केला. तोच माणूस. म्हणाला, नाताळ कोणत्या वर्षीचा?

असल्या लोकांमुळे कारागिरी मरते.

१८ डिसेंबर
डोंगरापलीकडच्या गावात, आपल्याला कोणी ओळखत नाही अशा दुकानात सहज गेलो होतो. भिंतीवर एक बंदूक टांगलेली. काय सांगू. मधासारखं लाकूड, गालाखाली एकच बारीक रेघ, पण अशी की बोट तिच्यावरून उचलवेना. दुकानदार म्हणाला, विल्मा क्लिंगर म्हणून एक बाई आहेत, त्यांनी स्वतःसाठी केली होती. आता दुसरी, आणखी हलकी केलीय, म्हणून ही विकायला ठेवली. नळीवर नाव का नाही, असं मी विचारलं. म्हणाला, त्या घालत नाहीत. ज्याला कळायचं त्याला कळतं म्हणतात.

ज्याला कळायचं त्याला. म्हणजे कोणाला नाही.

बॅन्जो दिला, कारखान्यातून मिळालेले पैसे होते ते दिले. होडीही देऊ केली. दुकानदार म्हणाला, होडी राहू द्या.

लॉक उजव्या बाजूला आहे. पण विचार केला तर आयुष्यात बरंच काही उजव्या बाजूला असतं. आणि ही बंदूक शेवटी बनवलेलीच आहे, कारखान्यातली नाही. बनवणं झालंय. फक्त कोणी बनवली एवढंच ठरायचंय.

परतताना गाडीत तिच्यावर माझं जाकीट पांघरलं. का ते माहीत नाही. थंडी बंदुकीला वाजत नाही.

२१ डिसेंबर
बनवणाऱ्याचं नाव नळीच्या वरच्या अंगावर कोरायची रीत आहे. पोलादी खिळा आणि हातोडी घेऊन ओढ्याकाठी बसलो. माझं नाव कोरलं, ल. हेफर. शेवटचं अक्षर मावेना म्हणून खाली वळवलं. एकदा खिळा घसरून लाकडावर ओरखडा गेला. तो मी अंगठ्याने बराच वेळ चोळला. जात नाही.

नंतर केक खाल्ला. गोड लागला नाही. मामीने काकवी कमी घातली असणार.

२६ डिसेंबर, कॅम्प
आज दाखवली.

सगळे चुलीभोवती. मामाने बंदूक दोन्ही हातांत घेतली, खिडकीशी नेली. डोळ्यांनी नाही, अंगठ्याने पाहिली. दस्ता, गाल, ती रेघ. नावाशी अंगठा थांबला. ओरखड्याशी थांबला. मग खांद्याला लावली आणि हळूच काढली. म्हणाला, सुरेख काम आहे.

मी उगाच चुलीत दोन लाकडं सारली. आनंद असावा.

मग म्हणाला, आता तू लाव.

मी लावली. डाव्या खांद्याला. दस्ता इतका आखूड की नाक स्वतःच्याच अंगठ्यावर आपटलं, आणि ठिणगीचं सगळं यंत्र बरोबर माझ्या डोळ्यापुढे. बोयर म्हणाला, "सप्टेंबरात आम्हाला कवळीचं व्याख्यान देणारा तूच ना रे? मग ही कोणाच्या मापाची शिवलीस? माझ्या नातीच्या?"

मी म्हटलं, मी उजव्या हाताने शिकायचं ठरवलंय.

बोयर म्हणाला, "आणि हात? ते काय गरम पाण्यात धुऊन आटवणार?"

सगळे हसले. मामा हसला नाही. हसला असता तर फार बरं झालं असतं. तो म्हणाला, सूप गार होतंय, आधी जेवा. आणि बोयरला म्हणाला, "पुरे आता."

२७ डिसेंबर
मामाने स्वतः मला बीचच्या झाडाखाली नेऊन बसवलं. बुंध्याशी त्याच्या पाठीने घासून गुळगुळीत झालेली जागा आहे. माझी पाठ तिथे बसेना. शिंगातली बंदुकीची दारू कशी ओतायची ते मला येतं असं मी त्याला सांगितलं. तो त्याचं शिंग माझ्या गळ्यात घालून निघून गेला.

हरिणी आली. अगदी समोर. दगड मारला तरी लागला असता. मी चाप ओढला. गारगोटी पोलादावर आपटली, रंजकाची दारू भपकन पेटली, ती सगळी माझ्या तोंडावर, आणि बंदूक उडालीच नाही. बंदूक चमकावी म्हणून काल मी नळीत भरपूर तेल ओतलं होतं, आतली दारू त्यात भिजली. बनवणाऱ्याने ते पुसून घेतलं असतं. हरिणीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग खाली घालून बर्फातलं काहीतरी खात राहिली.

मामा धापा टाकत वर आला. बंदुकीचं काही विचारलं नाही. हरणाचंही नाही. म्हणाला, "डोळा दाखव. दिसतंय ना?" मूठभर बर्फ घेऊन माझी भुवई पुसली. भुवईचा बराचसा भाग बर्फाबरोबर गेला.

मग माझ्याशेजारी बसला. म्हणाला, नियम तुला ठाऊक आहे. पुढच्या शनिवारी इथे कोणी बसायचं, ते तूच मला सांग.

मी म्हटलं, सांगतो. तो थांबला. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

३० डिसेंबर
घरी. बंदूक दोन दिवस मामाकडे आहे. "जरा बघू दे" म्हणाला. तळघरात, नव्या बल्बखाली, भिंग घेऊन.

आज वर येऊन म्हणाला, तुझ्या त्या डेलचा हात फार चांगला आहे. ही रेघ मी आधी कुठेतरी पाहिलीय.

मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणजे मामाला वाटतंय, डेलने मदत केली. संशय भलत्याच माणसावर आहे.

मामा म्हणाला, एक तारखेला त्याला जेवायला बोलाव, आभार मानायचेत. मी म्हटलं, तो ओहायोला बहिणीकडे गेलाय. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, आज सकाळी तर त्याचा केक नेलास! आणि त्यांचं पटत नाही ना?"

मी म्हटलं, पटवायलाच गेलाय.

मामा म्हणाला, राहू दे, मी बघतो. नंतर तो बराच वेळ फोनवर होता. दार लावून.

१ जानेवारी, दुपार
ठरलं. आज सांगायचं.

सकाळी उठल्यापासून ठरलेलंच आहे. फक्त वेळ नेमायची. जेवणाआधी नको. वर्षाच्या पहिल्या दिवशी डुकराचं मांस आणि आंबवलेला कोबी शांतपणे पोटात गेला नाही तर वर्ष वाईट जातं, असं मामी मानते. जेवताना नको, बोयर आहे. जेवणानंतर मामा डुलकी काढतो.

आरशासमोर म्हणून पाहिलं. एक भुवई नसल्यामुळे मी अर्धा चकित झाल्यासारखा दिसतो. "मामा, डेल नावाचा कोणी नाही." एवढंच म्हणालो आणि डेलचंच वाईट वाटलं. इतके महिने होता बिचारा. पुन्हा म्हटलं, "मामा, तू माझ्यासाठी शब्द दिलास आणि मी" – इथे खाली बसलो. पलंग डगमगला.

मामाला कळलं असेल का? थँक्सगिव्हिंगला? बल्ब बंद केला तेव्हाच? कळलं होतं तर टर्की का वाढली?

नको ते विचार. दुसरी एक कल्पना आहे आणि ती जास्त प्रामाणिक आहे. मे महिन्यात डाव्या हाताचं साधं किट येईल. ते मागवायचं, तळघरात मामाच्या समोर बनवायचं, आणि पुरी झालेली बंदूक टेबलावर ठेवूनच सगळं सांगायचं. नुसती माफी कोणीही मागतं. तोपर्यंत शनिवारी बीचखाली मामानेच बसावं, मला सर्दी आहे म्हणून सांगता येईल. कॅटलॉग पुन्हा काढलाय. साधंच घ्यायचं. फार तर तो चांदीचा तारा.

अंगणात मोटार थांबली. कोणीतरी पायरीवर बुटांचा बर्फ झटकतंय. खिडकीतून फक्त टोपी दिसली, फार खाली. मामा स्वतः दार उघडायला गेलाय. तो कधी जात नाही.

खाली हसणं. मग मामाचा आवाज. बंदुकीचं लॉक खटकन ओढल्याचा आवाज. कोणीतरी "अरेरे" म्हणालं. तो ओरखडा असणार.

मामी जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारतेय. "लायल, खाली ये रे! तुझे मामा म्हणतात, तुझा डेल आलाय. पण ही तर बाई आहे. आणि केक आवडले का विचारलं, तर म्हणते, कुठले केक?"